कारखाना कुणाचा दाखवायचा

१२ मार्च १९८७, गुरुवार

रावजीचं पत्र आलं. चौदा पानं! माझा हा धाकटा भाऊ बहारीनला जाऊन चौदा वर्षं झाली, निळ्या हवाई पत्राची मागची बाजू त्याने कधी भरली नाही. मजकूर ठरलेला — आम्ही सर्व खुशाल, आईच्या गुडघ्याला तेल लावणे, ड्राफ्ट मिळाल्याचे कळवणे. आणि आज चौदा पानं, सोबत इंग्रजीत छापलेली चार.

कॅनडाला जायचं म्हणतो. बायको-मुलींसकट, कायमचं. तिथल्या सरकारने नवीन वाट काढली आहे — नोकरी मागू नका, धंद्यात पैसे घाला आणि राहायला या. छापील पानं दोनदा वाचली. तिथे घर विकत घेतलं तर ती गुंतवणूक धरत नाहीत. बँकेत ठेव ठेवली तरी नाही. जमीन घेऊन नुसती पडू दिली तरी नाही. पैसा चालत्या धंद्यात हवा, त्यातून तिथल्या माणसांना काम मिळायला हवं, आणि तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही. इथवर ठीक. पुढची अट अशी, की अर्जदाराने स्वतः एखादा धंदा चालवलेला असला पाहिजे, आणि त्याची मालमत्ता स्वतःच्या कष्टाने मिळवलेली असली पाहिजे. या ओळीखाली रावजीने तांबडी रेघ मारली आहे.

खरं काम तेराव्या पानावर. "आक्का, आपला कारखाना माझ्या नावावर दाखवावा लागेल."

आपला. बरं.

१३ मार्च

आईला पत्र वाचून दाखवलं. तेरावं पान सोडून.

१७ मार्च

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात गुंता राहणार नाही.

आमरसाचा कारखाना शहात्तर साली काढला. भांडवल रावजीच्या ड्राफ्टांचं, थोडं बँकेचं. नाव माझं — कारण बँकेत, उद्योग खात्यात, वीज बोर्डात सही करायला इथे मीच होते. तेव्हा कुणी विचारसुद्धा केला नाही. बाहेर असलेल्या सगळ्यांच्या घरी असंच असतं, जो इथे राहील त्याच्या नावावर.

मी शाळेतली नोकरी सोडली. पहिल्या वर्षी अर्धे डबे फुगले, ते खड्डा खणून पुरले. दुसऱ्या वर्षी शंभरात दहा. अठ्ठ्याहत्तरला एक स्थळ आलं होतं, मंडळी मे महिन्यात बघायला येणार होती. मी कळवलं, जूननंतर या. नंतर आली नाहीत. आता चाळीस बायका सीझनला कामाला येतात, डबे मुंबईला जातात, तिथून बोटीने लंडनला. हे सगळं मी केलं असं म्हणायला आजवर गरज पडली नव्हती.

रावजीचं दुःख वेगळं आहे. बहारीनला त्याने स्वतः उभं केलेलं वर्कशॉप, साठ माणसं, बोटींची दुरुस्ती. पण तिथला कायदा असा की नाव तिथल्या माणसाचं लागतं. कागदावरचा मालक, म्हातारा अरबाब, भला होता, तो गेला. त्याचा मुलगा म्हणतो, डिसेंबरपर्यंत मोकळं करा. म्हणजे तिथे अरबाबाचं नाव, इथे माझं. चौदा वर्षं राबून रावजी नागवेकर कागदावर कुठेच नाही!

दया येते. आणि दयेनेच माणूस अडकतो.

६ एप्रिल

रावजी आला. दोन महिने राहणार. पायात पांढरे बूट. पोट सुटलंय. पाया पडला आणि म्हणाला, "आक्का, तू रोडावलीस गो." मग लगेच ब्रीफकेस उघडली.

आईने विचारलं, "कॅनडा म्हणजे बहारीनच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे, आई. बराच पलीकडे."

"मग तुझं जेवण कोण बघणार?"

"माझी बायको नाही काय, हौसा?"

"तिचं काय सांगतोस!"

१० एप्रिल

काल मुंबईला जाऊन आलो, दोघंही. फोर्टमध्ये परेरा म्हणून एक सल्लागार आहेत, असले अर्ज भरून देतात. केसाला चप्प तेल, बोलणं गोड. रावजीने आपली सगळी मिळकत टेबलावर मांडली.

बहारीनच्या बँकेतली रक्कम. "चांगली आहे, पण पाच लाख डॉलर भरत नाहीत. अडीच लाख तिथे गुंतवायला, पण एकूण मालमत्ता पाच लाखांची दाखवावी लागते."

हौसाचे दागिने. परेरा हसले. "हे मिसेसना घालू द्या."

वर्कशॉप. "कागद?" कागद नाही.

मग कारखाना. परेरांनी चष्मा चढवला. "हे मात्र फर्स्ट क्लास! चालता धंदा, माणसांना रोजगार, माल परदेशी. ऑफिसरला हेच हवं असतं. मिस्टर नागवेकर, आपण रसात साखर घालता?"

"घालतो," रावजी म्हणाला.

"नाही घालत," मी म्हटलं. "आपला बिनसाखरेचा जातो."

"साधारण किती दिवस चालतं काम?"

रावजीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, एप्रिलची अखेर ते जूनचा पहिला आठवडा. परेरांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मुलाखतीला ऑफिसर तुम्हाला विचारणार नाही. यांना शिकवा."

गाडीत रावजी झोपला. मी शिकवणी कशी घ्यायची याचा विचार करत बसले. सवय जात नाही.

२१ एप्रिल

खेर वकिलांकडे. बाबांच्या वेळेपासूनचे आमचे वकील. म्हणाले, "राहीबाई, यात अवघड काही नाही. पैसा ज्याचा तो खरा मालक, नाव ज्याचं तो नावापुरता. आपल्याकडे कायद्याला हे चालतं. तुम्ही तसं जाहीर करून द्यायचं, रजिस्टर करायचं, झालं."

"आक्का, नुसता दाखवायचाय," रावजी म्हणाला. हे वाक्य त्याने आल्यापासून किती वेळा म्हटलं असेल.

मी विचारलं, "नुसता दाखवायचा असेल तर मला उलट कागद करून द्या. व्हिसा मिळाला की कारखाना परत माझा, असा."

खेर म्हणाले, "अहो, मग पहिल्या कागदाला अर्थ काय उरला? उद्या कुणी शपथेवर विचारलं तर रावजी काय सांगणार?"

"आणि नाही केला तर मला कोण विचारणार?"

खेरांनी रावजीकडे बघितलं, रावजीने पंख्याकडे. मग म्हणाला, "भावावर विश्वास नाही?"

आहे ना. तीच तर अडचण.

२६ एप्रिल

आज पहिला माल आला. दहा दिवस तरी याशिवाय दुसरा विचार नको.

२ मे

विचार सुटत नाही. सही नाही दिली तर डिसेंबरात रावजी बायको-पोरींना घेऊन रस्त्यावर. पोरी दहा आणि बारा वर्षांच्या, मराठी धड वाचता येत नाही. सगळं गाव म्हणेल, भावाच्या पैशावर बसली आणि भावालाच अडवलं. सही दिली तर मी कोण? अकरा वर्षं शपथेवर पुसायची आणि मग नेहमीप्रमाणे सकाळी सातला जाऊन गेट उघडायचं.

दोन्हीकडून दार एकच. बाहेरून कडी.

५ मे

शिकवणी सुरू. रावजी वही घेऊन माझ्या मागून फिरतो. हापूस किती, पायरी किती, अढीतून काढलेला आंबा कसा बघायचा, धुवायचा कसा, साल-कोय काढणाऱ्या बायका किती, रस किती तापवायचा, डबा किती वेळ उकळत्या पाण्यात ठेवायचा. सगळं लिहून घेतो. मग खोलीत येरझाऱ्या घालत इंग्रजीत पाठ करतो — मी माल निवडतो, मी रस तपासतो, मी डबे बघतो.

आज थंड झालेल्या डब्यांवर काठीने ठोकून दाखवलं. चांगला डबा खणखणतो, हवा राहिलेला बसक्या आवाजाचा. "कळला फरक?" कळला म्हणाला. दहा डबे ठोकायला दिले. दहाही चांगले म्हणाला. दोन वाईट होते, मीच मुद्दाम ठेवलेले.

मग हळूच म्हणाला, "आक्का, डाव्या कानाने मला नीटसं येत नाही आता. वर्कशॉपात दिवसभर हातोडे." कुणाला सांगू नको म्हणाला. हौसालाही माहीत नाही.

९ मे

डबे बंद करायचं मशीन अडलं. दोन वर्षं ते असंच मध्येच अडतं आणि कोल्हापूरचा मिस्त्री येऊन पैसे घेऊन जातो. आज सगळा रस तापलेला, डबे भरलेले, मशीन ठप्प. रावजीने पांढरे बूट काढले, शर्ट काढला, मशीनखाली शिरला. पाऊण तासात चालू! बाहेर आला तो तोंड काळं, आणि असा हसला की मला शाळेतला रावजी दिसला.

हा माणूस कष्टाचा नाही असं कोण म्हणेल? पण त्याचे कष्ट जिथे आहेत तिथे त्याचा कागद नाही. आणि जिथे कागद करायचाय तिथे कष्ट माझे.

११ मे

सालं काढणाऱ्या बायकांमध्ये तुळसा सगळ्यात जुनी. पहिल्या वर्षीचे फुगलेले डबे पुरायला खड्डा तिनेच खणला होता. आज रावजी वही घेऊन जाताना बघून म्हणाली, "काय ओ बाई, साहेब परीक्षेला बसलेत काय?"

"तसंच समज."

"मग माझ्याकडं पाठवा की. सुरी धरायला शिकवतंय!" बायका खदखदल्या. मग कामावरून नजर न काढता म्हणाली, "कारखाना साहेबांच्या नावावर होतोय म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"सगळीच म्हणतायत. मग आमी रजा कुणाकडं मागायची ओ?"

मी म्हटलं, माझ्याकडेच. तिने आंबा बदलला.

१४ मे

रावजीच्या अर्जातला 'धंद्याचा अनुभव' हा मजकूर मीच लिहून दिला. इंग्रजीत, दोन पानं. त्याने लिहिलेलं परेरांनी परत पाठवलं होतं — जिवंतपणा नाही म्हणाले. मी लिहिलेलं त्यांना फार आवडलं! फुगलेले डबे, खड्डा, पहिली लंडनची ऑर्डर, सगळं घातलं. फक्त प्रत्येक वाक्याचा कर्ता रावजी.

१६ मे

शेवटी तेरावं पान आईला सांगितलं. तिला ठाऊकच होतं — या गावात काय लपतं?

"दे त्याला सही," म्हणाली.

"आई, अकरा वर्षं —"

"मला दिसत नाहीत काय तुझी अकरा वर्षं? पण त्याला दोन पोरी आहेत. तुझ्यामागे कोण आहे?"

सुपारी कातरत होती. वाईट वाटून म्हणाली असं नाही. सरळ, जे आहे ते.

१८ मे, सोमवार

सही केली.

निबंधकाच्या कचेरीत दोन तास बाकावर बसलो. खेरांच्या मसुद्यात मराठी भयंकर होतं, ते कालच मी सुधारून दिलं होतं. कारकुनाने मोठ्याने वाचलं — "सदर कारखान्यात माझा कोणताही हक्क नव्हता व नाही. मी भाऊ रावजी यांच्या वतीने, त्यांच्या सांगण्याप्रमाणे व पगार घेऊन देखरेख पाहिली." 'नाही' एकवेळ सोसलं असतं. 'नव्हता' फार लागलं.

निबंधक म्हणाले, "बाई, समजून सही करताय ना?"

"साहेब, भाषा माझीच आहे."

बाहेर येऊन रावजीने माझा हात धरला. "पोरींना तिकडे शाळा मिळाली की मी स्वतः येऊन परत तुझ्या नावावर करतो. आईची शपथ." त्याला खरंच तसं वाटतं. मी म्हटलं, चल, साडेबाराला माल येणार आहे.

१९ मे

सातला गेट उघडलं.

१ जून

रावजी दिल्लीला गेला. मुलाखत चार तारखेला. नवा सूट, ब्रीफकेस, माझ्या हातची दोन पानं पाठ. आई म्हणाली गणपतीपुळ्याला जाऊन ये आधी. गेला. सूट घालूनच गेला!

माझ्या मनात काय होतं ते इथे तरी लिहावं. त्याला व्हिसा मिळावा असं मला मनापासून वाटत होतं. तो कॅनडात गेला तर कागदावर कुणाचंही नाव असो, इथे मीच राहणार. माझी सुटका त्याच्या सुटकेतच आहे.

८ जून

रावजी परत आला. सूट ब्रीफकेसमध्ये कोंबलेला.

सुरुवात झकास झाली म्हणाला. ऑफिसर तरुण होता, सभ्य. आंब्याबद्दल विचारलं, डब्यांबद्दल विचारलं, रावजीने धडाधड सांगितलं. ऑफिसर खूष. कागद बघितला, सह्या-शिक्के बघितले, मान डोलावली. मग म्हणाला, जरा पासपोर्ट बघू.

पानं उलटत गेला आणि एका कागदावर तारखा लिहीत गेला. ऑगस्ट, सप्टेंबर, सप्टेंबर, ऑगस्ट, एकदा मार्च. पहिलं पुस्तक संपल्यावर दुसरं मागितलं. तेच! मग विचारलं, "मिस्टर नागवेकर, आपला कारखाना मे महिन्यात चालतो ना?"

"होय."

"मग अकरा वर्षांत यंदाचा सोडून एकाही मे महिन्यात आपण भारतात नव्हतात?"

कसा असणार? बाहेर गेलेला आमचा माणूस गणपतीला येतो, नाहीतर शिमग्याला. मे महिन्यात कोण रजा घेतं? खेरांनी कागद तपासले, परेरांनी फायली लावल्या, मी त्याच्याकडून आंब्याची जात न् जात घोकून घेतली. पासपोर्टवरचे शिक्के बघायचं चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, पत्राने चालवायचो."

"पत्राने?"

"तो म्हणाला, ती पत्रं दाखवा."

निळी हवाई पत्रं. आईच्या गुडघ्याला तेल लावणे.

मला हसू आलं. रावजीलाही. दोघं हसलो, आणि मग तो आत जाऊन पडला.

१२ जून

रावजी बहारीनला परत गेला. निकाल पत्राने कळवतो म्हणालेत. पत्ता कारखान्याचा दिला आहे.

३० जून

सीझन आटोपला. यंदा एकही डबा परत आला नाही.

१७ ऑगस्ट

दिल्लीचं पत्र. कारखान्याचं टपाल मीच फोडते, हेही फोडलं. नाव रावजीचं होतं हे फोडल्यावर ध्यानात आलं — की आधीच आलं होतं? असो.

अर्ज नामंजूर. कारण एका वाक्यात दिलंय. कागदपत्रं, अर्जदाराची उत्तरं आणि प्रवासाच्या नोंदी पाहता सदर धंदा अर्जदाराने नव्हे तर अर्जदाराच्या बहिणीने, कुमारी राही नागवेकर यांनी, सुरुवातीपासून उभारला व चालवला असे आमचे मत झाले आहे.

तीन वेळा वाचलं. मला कधीही न बघितलेल्या माणसाने लिहिलंय. सही आहे, तारीख आहे, शिक्का आहे.

१८ ऑगस्ट

रावजीला तार केली.

१९ ऑगस्ट

दुपारी बहारीनहून फोन. शेजारी पोस्टमास्तरांकडे घेतला, त्यामुळे मोठ्याने बोलता येईना आणि हळू बोललं तर त्याला ऐकू जाईना.

"जाऊ दे आक्का," म्हणाला. "झालं ते झालं. डिसेंबरपर्यंत थांबतच नाही. गणपतीला येतो तो कायमचाच. हौसा-पोरी शाळेचं बघून मागाहून येतील."

"बरं."

"नाहीतरी कारखाना आहेच आता."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आक्का? ऐकतेस ना? मी सगळं बघतो आता. तू फार दमलीस गो. आता आराम कर."

प्रेमाने म्हणाला. आवाजात खोट नव्हती. त्याला सारखं 'काय? काय?' करावं लागू नये म्हणून मी फोन ठेवला.

२० ऑगस्ट

आई सकाळपासून आनंदात. रावजीची खोली झाडून घेतली. माळ्यावरचा पाट काढला, मखर काढायला गडी बोलावला. मला म्हणाली, "देवानेच परत पाठवला त्याला."

देवाने नव्हे, शिक्क्यांनी.

२१ ऑगस्ट

बँकेतून निरोप आला म्हणून गेले. मॅनेजर चांगले गृहस्थ, चहा मागवला. मेमधला दस्त त्यांच्याकडे पोचलाय. "राहीताई, वाईट वाटून घेऊ नका, पण या महिन्यापासून चेकवर मालकांची सही लागेल. तुमची चालणार नाही."

"बायकांची मजुरी?"

"मालक येतायत ना गणपतीला?"

चहा पिऊन आले. चहा बरा होता.

२३ ऑगस्ट

खेर वकिलांना रस्त्यात गाठलं. म्हटलं, नुसता दाखवायचा होता ना? आता तर दाखवायलाही कुणी उरलं नाही.

"राहीबाई, दस्त दाखवण्यापुरता नसतो हो. दस्त म्हणजे दस्त." मग छत्री उघडत म्हणाले, "घरातल्या घरात राहिलं ना? बाहेर तर नाही गेलं!"

२४ ऑगस्ट, सोमवार

दिल्लीच्या पत्राच्या तीन झेरॉक्स काढल्या. उद्या चिपळूणला जाते. तिथे एक वकील आहेत, खेरांशी ज्यांची ओळख नाही. सकाळी अकराची वेळ दिली आहे. आईला सांगितलं, आराशीचं सामान आणायला जाते.

रावजी परवा पोचतो.